पिल्लाची मान वाकडी झाली: मानमोडी आहे की कमतरता, हे कसं ओळखायचं आणि काय करायचं

कालपर्यंत दाणे टिपणारं पिल्लू आज डोकं पाठीवर टाकून बसलंय. चालायला गेलं की मागं सरतं आणि कोलमडतं. खुराड्यापाशी जमलेल्यांचा निकाल ठरलेला असतो: मानमोडी आली. मग ते पिल्लू कुंपणापलीकडे फेकलं जातं, नाहीतर बाकीच्यांतच राहतं आणि तुडवलं जाऊन मरतं. दोन्ही चुकीचं आहे. खरोखर मानमोडी, म्हणजे राणीखेत असेल, तर फेकलेलं पिल्लू शेजारच्या कोंबड्यांना रोग देतं. आणि नसेल, तर औषधाच्या दुकानातल्या साध्या गोळीने जे उभं राहिलं असतं ते हकनाक जातं.

वाकडी मान हे लक्षण आहे. मेंदूत, कानाच्या आतल्या भागात किंवा मज्जातंतूंत बिघाड झाला की मान वळते. त्यामागे जीवनसत्त्वांची कमतरता असते, विषाणू असतो, कधी डोक्याला लागलेला मार असतो. कमतरता पहिल्या दिवशी पकडली तर बहुतेकदा बरी होते. राणीखेतीवर मात्र औषध नाही. त्यामुळे सगळं या दोहोंतला फरक लवकर ओळखण्यावर आहे, आणि तो वाकड्या मानेच्या पिल्लाकडे बघून फारसा कळत नाही. तो बाकीच्या पिल्लांकडे बघून कळतो.

इथे मी परसातल्या गावरान, गिरिराज, वनराज, कडकनाथ अशा पिल्लांबद्दल लिहितोय, साधारण पहिल्या आठ आठवड्यांपर्यंतच्या. टर्की, लाव्ही, हौसेने पाळलेले फेझंट यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी वेगळं काढा

निदान नंतर. पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला गोणपाट किंवा जुना टॉवेल घाला. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतात आणि तोल गेलेलं पिल्लू आणखी घाबरतं. एका कोपऱ्यावर बल्ब सोडा. पहिल्या आठवड्याच्या पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी चालते. आजारी पिल्लाला मात्र त्याच्या वयाच्या मानाने थोडी जास्तच ऊब द्या. बल्ब एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर सरकायला जागा राहील. पाण्याची वाटी खोक्यात ठेवून जाऊ नका. मान सावरत नसलेलं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं.

निदान पक्कं होईपर्यंत हा संसर्गच आहे असं धरून चाला. खाणं-पाणी आधी निरोग्यांचं, मग आजाऱ्याचं. मधे साबणाने हात धुवा. खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा. राणीखेतीचा विषाणू माणसाच्याही डोळ्याला बाधतो, डोळे लाल होऊन पाणी येतं. चार-आठ दिवसांत ते बरं होतं, पण पिल्लू हाताळलेला हात डोळ्याला लावू नका.

आता बाकीच्यांकडे बघा

खुराड्याजवळ दहा मिनिटं नुसतं उभं राहा. कुणी चोच उघडून श्वास घेतंय का? घरघर, शिंका? हिरवट पातळ शीट? पंख ओघळून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली किती? मोठ्या कोंबड्यांची अंडी अचानक कमी झालीत किंवा मऊ कवचाची येतायत का? गेल्या दोन-तीन दिवसांत काही कारण न कळता मेलेली किती?

मग स्वतःला विचारा: गेल्या पंधरा दिवसांत आठवडी बाजारातून किंवा पाहुण्यांकडून नवीन पक्षी आलाय का? पिल्लं मोटारसायकलवर फिरणाऱ्या विक्रेत्याकडून घेतली होती का? त्यांना लसोटाचा, म्हणजे राणीखेतीच्या लशीचा, थेंब मिळाला होता का? फिरत्या विक्रेत्याची पिल्लं सहसा लस न झालेलीच समजावीत, तो काहीही म्हणो.

राणीखेत साधारण पाच-सहा दिवसांत अंगात फुलतो, कधी दोन दिवसांत, कधी पंधरा. तो कळपात पसरतो, एका पिल्लापाशी थांबत नाही. श्वासाचा त्रास, हिरवी हगवण, पटापट मरतूक, आणि त्याच्याबरोबर किंवा थोडं मागून मान मुरगळणं, गोल फिरणं, पाय-पंख लुळे पडणं, असा साधारण क्रम असतो. लस नसलेल्या कळपात जवळजवळ सगळे पक्षी जाऊ शकतात. जी वाचतात त्यांची मान कधी कधी कायमची वाकडी राहते.

असं चित्र दिसलं तर घरचे उपाय थांबवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. कारण अशीच लक्षणं बर्ड फ्लूतही दिसतात. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नवापुरात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा निघाला. नुसत्या डोळ्यांनी या दोन रोगांत फरक करता येत नाही, डॉक्टरलाही नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. या काळात पक्षी विकू नका, कापू नका, कुणाला देऊ नका. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

ताजा मेलेला पक्षी तपासणीला न्यायचा असेल तर दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा, पण फ्रीजरमध्ये गोठवू नका. गोठवलेल्या मेंदूतून आणि आतड्यांतून शवविच्छेदनात फारसं काही कळत नाही.

आता दुसरं चित्र. वीसातलं एक किंवा दोन पिल्लांची मान वाकडी. बाकीची खणखणीत, शीट नेहमीची, घरघर नाही. ते पिल्लूही डोळ्यांनी जागं आहे, फक्त चोच दाण्यावर नेता येत नाही. मग पुढे वाचा.

हातात घेऊन तपासणी

पिल्लू तळहातावर घ्या, पंख अलगद दाबून धरा. दोन बोटांनी मान हळूच सरळ करून बघा. सरळ होते पण सोडल्यावर पुन्हा त्याच बाजूला जाते, तर ती पिळवटलेली मान. पण मान ओल्या दोरीसारखी लोंबत असेल, कुठल्याच बाजूला ताण नसेल, तर ती गोष्ट निराळी. सडलेलं मांस किंवा त्यावरच्या अळ्या खाऊन होणाऱ्या विषबाधेत मान अशी लुळी पडते. आसपास कुठे मेलेला उंदीर, पक्षी कुजतोय का ते शोधा आणि लगेच पुरून टाका, नाहीतर बाकीचीही खातील. अशा पिल्लाला पाणी पाजायची घाई करू नका, त्याला गिळता येत नसतं.

तळहातावर बारीक थरथर जाणवते का? पहिल्या तीन आठवड्यांतल्या पिल्लांत डोकं-मान सतत थरथरत असेल आणि अशी बरीच पिल्लं असतील, तर अंड्यातून उतरणारा मेंदूचा एक विषाणूजन्य रोग असू शकतो. त्यालाही औषध नाही, आणि त्या कोंबड्यांची अंडी काही काळ उबवायला ठेवू नयेत.

पायाची बोटं आत मुडपलेली असतील आणि पिल्लू ढोपरावर चालत असेल, तर ती बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता, तिथे मान सहसा ठीक असते. एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला, वय सहा आठवड्यांच्या वर, तर मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्या. डोळ्याच्या मागची बारीक पिसं बाजूला करून कानाचं भोक बघा. पू, खपली किंवा वास असेल तर कानाचा संसर्ग, तो डॉक्टरकडेच न्यायचा. डोक्यावर सूज किंवा जखम असेल तर मार. रात्री थंडीने पिल्लं एकमेकांवर चढली, कोंबडीचा पाय पडला, मांजराने झडप घातली, यातलं काहीही झालेलं असू शकतं.

अंड्यातून निघतानाच मान वाकडी असेल तर तो उबवणीतल्या तापमानाचा, अंड्यातल्या स्थितीचा किंवा आईच्या खाद्याचा दोष. अशीही काही पिल्लं आठवड्याभरात सावरतात. उपचार करून बघायला हरकत नाही.

खायला काय घालत होतात?

यापैकी काहीच नसेल, तर उत्तर बहुतेक वेळा खाद्याच्या डब्यात असतं. दोन जीवनसत्त्वं इथे महत्त्वाची: बी-१, म्हणजे थायमिन, आणि ई.

बी-१ कमी पडलं की मान सरळ मागे ओढली जाते. पिल्लू पाय दुमडून बसतं आणि आभाळाकडे बघतं. लहान पिल्लांत हे दोन आठवड्यांच्या आतही दिसू शकतं आणि अगदी अचानक दिसतं. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे, जिथे घरात तांदूळ आहे तिथे पिल्लांना नुसती कणी टाकायची सवय आहे. पॉलिश केलेल्या तांदळाच्या कणीत बी-१ जवळपास नसतंच, ते कोंड्याबरोबर निघून गेलेलं असतं. ही गोष्ट जगाला कळली तीही कोंबड्यांमुळेच. १८९० च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टराच्या कोंबड्या लंगडायला, पडायला लागल्या. त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पांढरा शिजवलेला भात मिळत होता. पॉलिश न केलेला तांदूळ द्यायला लागल्यावर त्या बऱ्या झाल्या. या कामासाठी आइकमानना १९२९ चं नोबेल मिळालं. आपल्या परसात अजून तोच प्रयोग चालू आहे, फक्त कुणी लिहून ठेवत नाही!

बी-१ कमी पडण्याची आणखी दोन कारणं सहज नजरेतून सुटतात. किनाऱ्याकडे पिल्लांना कच्च्या मासळीची आतडी, तारलीसारखी बारीक मासळी टाकतात. काही कच्च्या माशांत बी-१ मोडणारं विकर असतं. शिजवून घातलं तर ते नष्ट होतं आणि उरतात चांगली प्रथिनं. दुसरं कारण औषधाचं. रक्ती हगवणीवर दिलं जाणारं अँप्रोलियम त्या रोगाच्या परजीवीचं बी-१ तोडूनच काम करतं. ते अंदाजपंचे जास्त घातलं किंवा आठवडेच्या आठवडे चालू ठेवलं तर पिल्लाचंही बी-१ तुटतं. अँप्रोलियम चालू असताना मान मागे गेली तर डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगा, कारण बी-१ भरपूर दिलं की ते औषध निकामी होतं. दोन्ही एकत्र देऊन चालत नाही.

ई ची कमतरता बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसते. इथे डोकं मागे जातं आणि बाजूलाही पिळवटतं, पाय ताठ बाहेर फेकले जातात, पिल्लू कुशीवर पडून पाय झाडतं. लहान मेंदूला सूज येऊन तिथे रक्तस्राव झालेला असतो. कारण बहुधा खवट खाद्य. तेल किंवा चरबी खवट झाली की त्यातलं ई जीवनसत्त्व संपतं. घरी मिसळलेल्या खाद्यात खवटपणा आणणारा पहिला आरोपी तांदळाचा कोंडा. गिरणीतून आणलेला ताजा कोंडा बी-१ चा उत्तम साठा आहे, पण त्यातलं तेल काही दिवसांतच बिघडायला लागतं. म्हणजे एका दुखण्यावरचा उपाय शिळा झाला की दुसऱ्याचं कारण होतो. तेल काढलेल्या कोंड्याचा हा त्रास नाही.

मूठभर खाद्य घेऊन तळव्यांत चोळा आणि हुंगा. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ते खाद्य पिल्लांना देऊ नका. तयार स्टार्टरचं, म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्याचं, पोतं असेल तर उत्पादनाची तारीख बघा. पावसाळ्यात उघडं राहिलेलं, भिंतीला टेकून ओल लागलेलं पोतं नवं असलं तरी बाद. बुरशीची शंका असेल तर तिथे हुंगण्याचाही प्रयोग नको.

उपचार

बी-१ की ई, हे परसात खात्रीने सांगता येत नाही आणि सांगत बसायची गरजही नाही. दोन्ही द्या. या मात्रांत दोन्हींची भीती नाही.

थायमिनची १०० मिलिग्रॅमची गोळी चमच्याने बारीक करून १० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम झालं. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाला सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा मिलिलिटर, सुई काढलेल्या सिरिंजने. द्रावण रोज नवं करा. हे खाद्यात मिसळून चालत नाही, कारण बी-१ कमी झालेल्या पिल्लाची भूकच मेलेली असते. ते चोचीतूनच द्यावं लागतं.

ई साठी ४०० ची कॅप्सूल टाचणीने टोचा आणि दिवसातून एकदा दोन-तीन थेंब चोचीच्या कडेला लावा. सेलेनियम ई ला मदत करतं, पण त्याचा माणसांच्या गोळ्यांचा डोस पिल्लाला देऊ नका. किलोभर खाद्यात मिलिग्रॅमचाही अंश पुरतो, आणि जास्त झालं तर ते विष आहे. उकडलेल्या अंड्याच्या बलकातून मिळतं तेवढं बस.

दुकानदार नेहमी पोल्ट्रीच्या जीवनसत्त्वांची बाटली पुढे करतात. लेबल वाचा. अ, ड-३, ई आणि बी-१२ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यात बी-१ नाही. अशी बाटली आठवडाभर पाजून "औषध लागू पडलं नाही" म्हणणारे बरेच भेटतात.

थेंब देताना चोचीच्या कडेला टेकवा आणि पिल्लाला स्वतः गिळू द्या. नरड्यात ओतलं तर पाणी श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू मानेने नाही, त्याने मरतं. मान एका हाताने नेहमीच्या स्थितीत धरा, मगच पाजा.

औषधाइतकंच महत्त्वाचं आहे ते भरवणं. ही पिल्लं बहुतेक वेळा उपासमारीने आणि पाण्यावाचून जातात. दिवसा दर दीड-दोन तासांनी पाणी, आणि चार-पाच वेळा स्टार्टर कोमट पाण्यात भिजवून, त्यात थोडा बलक कुस्करून केलेली पातळ पेज. गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा, मऊ भरलेली लागली की थांबा. पुढच्या वेळेला ती रिकामी झाली नसेल तर नुसतं पाणी द्या. मान धरून चोच खाद्याजवळ नेली की काही पिल्लं स्वतः टिपतात. तसं झालं तर अर्धी लढाई जिंकली.

बसवायला चुंबळ करा. जुन्या सुती कापडाची, पिल्लाच्या मापाची. मधे पिल्लू बसवलं की कडेवर मान टेकते आणि ते उलटंपालटं होत नाही. प्रत्येक भरवणीनंतर मान अलगद सरळ करून दहा-पंधरा सेकंद धरा. अडली तिथे थांबा, जोर लावू नका. खोक्यावर अर्धं फडकं टाका, मुलांना लांब ठेवा. आवाज झाला, दचकलं की मान पुन्हा जास्त वळते, हे या दुखण्याचं नेहमीचं आहे. मधेच एखादा दिवस वाईट गेला म्हणून उपचार सोडू नका. एकटं पिल्लू चिवचिवाट करून दमतं, म्हणून निदान स्पष्टपणे कमतरतेचं असेल तर एक शांत निरोगी पिल्लू सोबतीला चालतं. संशय असेल तर आरसा ठेवा.

किती दिवस वाट बघायची

बी-१ चं दुखणं असेल तर काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी फरक दिसतो. इतका झटपट, की तेच निदान समजायला हरकत नाही. ई चं काम संथ आहे. मेंदूला किती इजा झाली त्यावर ते अवलंबून: काही आठवड्याभरात सावरतात, काहींना तीन-चार आठवडे लागतात, काहींची मान थोडी तिरकीच राहते आणि काही बरी होत नाहीत. मान सरळ झाल्यावरही आठवडाभर औषध चालू ठेवा.

तीन दिवसांत कणभरही फरक नाही, किंवा आणखी पिल्लांना लक्षणं आली, तर पिल्लू घेऊन डॉक्टरकडे जा. सोबत खाद्याचा नमुना आणि दिलेल्या औषधांची यादी न्या. मार लागून आलेल्या सुजेवर स्टेरॉइड देतात, पण ते त्यांनीच ठरवावं. घरात पडलेली अँटिबायोटिकची पूड पाण्यात ढवळून काही होत नाही. आणि जे पिल्लू दोन आठवडे होऊनही गिळत नाही, सतत गडबडा लोळतंय, त्याचे हाल वाढवू नयेत. ते डॉक्टरांकडून शांतपणे संपवून घेणं जास्त दयाळूपणाचं आहे.

बाकीच्या पिल्लांचं काय

एक पिल्लू पडलं म्हणजे त्याच डब्यातलं खाणारी बाकीचीही काठावर आहेत. खाद्य त्याच दिवशी बदला. ताजं चिक स्टार्टर आणा, पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स आणि ई पाच-सात दिवस द्या. भांडं सावलीत ठेवा आणि पाणी रोज बदला. कणी घालायचीच असेल तर वरखाणं म्हणून. खुडूक कोंबडीबरोबर मोकळी फिरणारी पिल्लं किडे, हिरवं, बी-बियाणं खाऊन बरंच भरून काढतात. त्रास जास्त दिसतो तो डालग्याखाली किंवा ब्रूडरमध्ये कोंडलेल्यांत.

राणीखेतीची लस मात्र खाद्याने भरून निघत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लसोटा किंवा एफ स्ट्रेनचा थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात लसोटा पुन्हा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि परसात पिल्लं पंधरा. उघडलेली कुपी दोन तासांत वापरावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा, सकाळी लवकर, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी आणि सगळ्यांची पिल्लं एकदमच उरकावीत. शेजाऱ्याच्या कोंबड्या लशीविना राहिल्या तर रोग गल्लीत राहतोच. आजारी पिल्लाला लस देऊ नका, ते बरं झाल्यावर द्या.

टर्की, लाव्ही आणि फेझंटच्या पिल्लांना हेच सगळे टप्पे लागू आहेत. लाव्हीचं पिल्लू इवलंसं असतं, तिथे ई चा एक थेंब आणि थायमिनच्या द्रावणाचे दोन थेंब पुरतात. फेझंट आणि टर्कीच्या पिल्लांना कोंबडीच्या स्टार्टरमधली प्रथिनं कमी पडतात, त्यांना २६ ते २८ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं. ब्रॉयलरचं पोतं त्यांच्यापुढे ओतण्याआधी त्यावर सॅलिनोमायसिन लिहिलंय का ते बघा. कोंबडीला चालणारं हे औषध टर्कीला विषारी ठरतं, आणि पाय-मान लुळी पडलेली पिल्लं बघून लोक पुन्हा मानमोडीच म्हणतात.